पुतण्या बरोबर की मुलगा? घरच्या कॉम्प्युटरच्या अपडेटचं काय करायचं

साताऱ्याहून एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

"घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे. सोसायटीचे हिशेब, ह्यांच्या पेन्शनची कागदपत्रं, बँकेचे व्यवहार, नातवंडांचे फोटो, सगळं त्यावरच आहे. मागे सोसायटीच्या वार्षिक सभेच्या दिवशी ताळेबंदाच्या प्रती काढायच्या होत्या, नेमकं तेव्हाच अपडेट सुरू झालं. 'बंद करू नका' असं लिहून आलं आणि टक्के हलेचनात. तासाभराने कॉम्प्युटर चालू झाला तर प्रिंटर ओळखेना. माझा पुतण्या कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. त्याने येऊन प्रिंटर चालू करून दिला आणि अपडेट कायमचं बंद करून टाकलं. म्हणाला, 'काकू, गरज पडेल तेव्हा मी हाताने करून देईन.' तेव्हापासून काही त्रास नाही. दिवाळीत मुलगा पुण्याहून आला, त्याने हे पाहिलं आणि चिडला. 'आई, अशा मशिनवर बँकेचं काम करू नकोस,' म्हणाला. दोघांची चांगलीच जुंपली. मला दोघंही शहाणे वाटतात. कुणाचं ऐकू?"

नमस्कार बाई,

मुलाचं ऐका. पण पुतण्याने ज्या कारणासाठी अपडेट बंद केलं ते कारण खरं आहे. त्याचा बंदोबस्त केला नाही तर पुढच्या सभेच्या दिवशी तुम्हीच वैतागून ते पुन्हा बंद करायला सांगाल. म्हणून आधी मुलाची बाजू, मग पुतण्याची, आणि मग काय करायचं ते लिहितो.

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजच्या सुरक्षा दुरुस्त्या काढते. अमेरिकेत सकाळ असते, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. दुरुस्ती बाहेर पडली की त्याच रात्री जगभरात लोक जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते तपासायला बसतात. त्यात सुरक्षेचे अभ्यासक असतात, तसे चोरही असतात. काय बदललं हे कळलं की दोष कुठे होता ते कळतं. म्हणजे ज्याने दुरुस्ती घेतली तो सुटला, आणि ज्याने घेतली नाही त्याच्या मशिनमधल्या दोषाचा पत्ता त्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक झाला. अपडेट न घेतलेला कॉम्प्युटर काल होता तितकाच सुरक्षित आज राहत नाही. तो दर महिन्याला आणखी धोक्यात येतो. 'तेव्हापासून काही त्रास नाही' असं तुम्ही लिहिलंत, त्याची मला म्हणूनच काळजी वाटते. या प्रकारचा धोका आवाज करत येत नाही.

२०१७ साली जे झालं ते याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. १४ मार्च २०१७ ला विंडोजमधल्या एका गंभीर दोषाची दुरुस्ती आली. १२ मे रोजी त्याच दोषातून शिरणारा 'वॉनाक्राय' जगभर पसरला. फाइली कुलूपबंद करायच्या आणि खंडणी मागायची, असं त्याचं काम. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडे केरळमधल्या काही पंचायतींच्या कार्यालयातले कॉम्प्युटरही त्यात अडकले. दुरुस्ती येऊन जवळजवळ दोन महिने झाले होते. बळी पडलेल्यांत सगळ्यात मोठा वाटा विंडोज ७ चा होता, आणि त्यांच्यासाठी दुरुस्ती मार्चपासून फुकट उपलब्ध होती. ज्यांच्याकडे अपडेट आपोआप चालू होतं त्यांनी त्या दिवशी ही बातमी फक्त टीव्हीवर पाहिली. 'नंतर करू' म्हणणाऱ्यांत मोठमोठ्या संस्था होत्या, त्यांच्याकडे पगारी माणसं होती. तरी राहून गेलं.

आता पुतण्याची बाजू, कारण अपडेटने नुकसान होतं हेही तितकंच खरं आहे. २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं एक मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, फोटो अशा फोल्डरमधल्या फाइलीच त्याने पुसून टाकल्या. मायक्रोसॉफ्टने चारेक दिवसांत ते थांबवलं आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला पुन्हा काढलं. मार्च २०२१ मध्ये एका मासिक अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरवर प्रिंट दिली की कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडायचा. ९ मार्चला आलेल्या त्या अपडेटवरचा इलाज १५ मार्चला आला. तुमचा प्रिंटर रुसला, ते काही जगावेगळं घडलेलं नाही. आणि १९ जुलै २०२४ तर सगळ्यांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट एकाच वेळी सगळीकडे गेलं, सुमारे ८५ लाख विंडोज मशिन बंद पडली आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यायची वेळ आली. हे सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या वापरतात. तुमच्या घरच्या मशिनवर ते नाही, त्यामुळे त्या प्रसंगाची भीती तुम्ही बाळगू नका.

याहून वाईट प्रकार म्हणजे अपडेटमधूनच विष येणं. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये हल्लेखोरांनी 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस घुसवला. तो तिथून जगभर गेला. मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प झाली, आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलवर कंटेनरचं काम अडलं. पण तो पुढे कसा पसरला हेही पाहायला हवं. एका मशिनवर चोरलेले पासवर्ड वापरून तो दुसऱ्या मशिनवर जायचा, आणि शिवाय वॉनाक्रायने वापरलेला मार्चमधला तोच दोष वापरायचा. आत आला अपडेटमधून, आणि पसरला तो चोरलेल्या पासवर्डच्या आणि अपडेट न घेतलेल्या मशिनच्या जोरावर. पुतण्या आणि मुलगा दोघांनाही आपापल्या बाजूने ही गोष्ट सांगता येईल.

मग हाताने अपडेट करणं हा मधला मार्ग का नाही? एक कारण तुमच्याच पत्रात आहे. 'गरज पडेल तेव्हा' म्हणजे कधी, हे ठरवणार कोण? गरज पडली हे तुम्हाला फाइली कुलूपबंद झाल्यावर कळेल. पुतण्या मनापासून बोलला असेल, पण त्याचं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाईक आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतर काकूंचा कॉम्प्युटर आठवणं त्याला जमणार नाही, आणि जमलं नाही म्हणून त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

दुसरं कारण असं की हाताने केलेलं अपडेट सावकाश आणि सावध असतं, हा समजच चुकीचा आहे. २०१८ च्या त्या फाइली पुसणाऱ्या अपडेटकडे परत जाऊ. २ ऑक्टोबरला ते आपोआप कुणालाच गेलं नव्हतं. ज्यांनी सेटिंग्जमध्ये जाऊन 'चेक फॉर अपडेट्स' हे बटण स्वतः दाबलं, त्यांनाच ते मिळालं. आपोआप वाटप त्यानंतर आठवड्याभराने सुरू व्हायचं होतं, आणि त्याआधीच ते थांबवलं गेलं. म्हणजे फाइली गेल्या त्या हौसेने हाताने अपडेट करणाऱ्यांच्या. जे स्वस्थ बसले त्यांच्या वाचल्या. मोठी अपडेट्स मायक्रोसॉफ्ट टप्प्याटप्प्याने सोडते. एखाद्या प्रिंटरशी किंवा एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरशी पटत नाही असं लक्षात आलं, तर तसल्या मशिनना ते देणंच थांबवते. कुणी हट्टाने इन्स्टॉलर उतरवून हाताने चढवलं तर ही अडवणूक ओलांडली जाऊ शकते. तेव्हा ते बटण तुम्ही उगाच दाबू नका, आणि 'ऑप्शनल' किंवा 'प्रिव्ह्यू' असं लिहिलेलं काहीही घेऊ नका. घरच्या माणसाला त्याची गरज नसते.

आता तुमच्या मशिनचं. पुतण्याने बहुधा 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन विंडोज अपडेटची सेवाच 'डिसेबल्ड' केली असेल. विंडोजसोबत येणारा डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस नव्या व्हायरसची माहिती बहुतेक वेळा याच वाटेने मिळवतो, तेव्हा तीही येत नसण्याची शक्यता आहे. म्हणून ती सेवा पुन्हा चालू करायची, हे पहिलं काम. त्याच्याकडूनच करून घ्या. मुलाने परस्पर केलं तर पुन्हा वाद होईल. त्याला एक गोष्ट मोकळेपणाने विचारा: विंडोजची प्रत परवान्याची आहे ना? आपल्याकडे सुटे भाग जोडून बनवून घेतलेल्या कित्येक कॉम्प्युटरवर परवाना नसलेली प्रत असते, आणि ती उघडी पडू नये म्हणून अपडेट बंद ठेवण्याची रीत आहे. तसं असेल तर परवाना विकत घेणं हाच मार्ग आहे. परवाना नसलेल्या प्रतीवर बँकेचे व्यवहार करू नका, हे मी तुम्हाला कळकळीने सांगतो. ती चालू करण्यासाठी वापरलेली जी फाइल असते तिच्यात काय काय आहे, हे चढवणाऱ्यालाही माहीत नसतं.

पण सेवा चालू करून भागणार नाही, कारण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा दुरुस्त्यांची वाढीव मुदत जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. त्या खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर नोंदणी फुकट होते, नाहीतर पैसे भरून घेता येते. आधी ऑक्टोबर २०२५ पर्यंतची राहिलेली अपडेट घ्यायची, मग विंडोज अपडेटच्याच पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. मागची सगळी अपडेट एकेक करून घ्यावी लागत नाहीत. नव्यात जुनी बहुतेक आलेली असतात. वेळ मात्र लागेल, तेव्हा एखादी मोकळी दुपार ठेवा.

यात तुमच्या सोयीची एक गोष्ट आहे. या वाढीव मुदतीत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. रंगरूप बदलणारी, जागा हलवणारी मोठी अपडेट्स विंडोज १० वर आता येणार नाहीत. पुतण्याला ज्यांची धास्ती आहे ती बहुतेक संपली. मुदतीनंतर काय, ते मात्र आत्तापासून बघा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे छोटं ॲप तुमचं मशिन विंडोज ११ ला चालेल की नाही ते सांगतं. २०१८ च्या आधीचा कॉम्प्युटर असेल तर बहुधा नाही म्हणेल, आणि मग नवं मशिन किंवा विंडोजऐवजी लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली असे पर्याय उरतात. सोसायटीची जुनी पत्रं जर युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये असतील तर घाई करू नका, ती नव्या मशिनवर वाचता येतात का हे आधी पाहा. त्यावर हवं तर स्वतंत्र पत्र लिहा, विषय मोठा आहे.

सभेच्या दिवसाचं काय करायचं? अपडेट उतरणं आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतरणं आपोआप होऊ द्या, पुन्हा चालू होण्याची वेळ तुमच्या हातात घ्या. सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' असतात. तिथे सकाळी सात ते रात्री अकरा असं घाला, म्हणजे त्या वेळात तो स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. एरवी बंद करताना 'अपडेट अँड शट डाउन' दिसलं तर काम संपल्यावर तेच निवडायचं. आणि सभा, ऑडिट, पेन्शनचा हयातीचा दाखला असं काही महत्त्वाचं असेल तर आदल्या आठवड्यात 'पॉज अपडेट्स' दाबा. घरच्या विंडोजवरही अपडेट असं काही आठवडे पुढे ढकलता येतं, आणि मुदत संपली की ते आपोआप पुन्हा सुरू होतं. पुतण्याने केलं ते आणि हे, यातला सगळा फरक इथेच आहे. थांबवलेलं अपडेट कुणाला आठवण न राहता परत सुरू होतं. बंद केलेलं कुणीतरी आठवून चालू करावं लागतं.

दर महिन्याचं अपडेट चार-पाच दिवस उशिरा घेतलं तरी घरच्या माणसाचं फारसं बिघडत नाही. २०२१ च्या प्रिंटरच्या गोंधळावरचा इलाज सहाच दिवसांत आला होता. चार महिने थांबणं मात्र परवडत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट घेत असाल तर ते 'मीटर्ड कनेक्शन' म्हणून नोंदवा, नाहीतर दिवसाचा सगळा डेटा अपडेट खाऊन टाकेल. पण मग महिन्यातून एकदा ब्रॉडबँडवर नेऊन अपडेट पूर्ण करायला हवं.

सगळंच आपोआप असावं असं मी म्हणत नाही. मदरबोर्डचं बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करताना वीज गेली तर कॉम्प्युटर कायमचा मुका होऊ शकतो. ज्या घरी यूपीएस नाही आणि वीज कधीही जाते तिथे त्याला हात लावू नये, आणि एरवीही ठोस कारण असेल तरच लावावा. प्रिंटर, स्कॅनर नीट चालत असेल तर त्याचे ड्रायव्हर (विंडोजला ते यंत्र चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) 'नवे आले' म्हणून बदलू नयेत. तुमच्या प्रिंटरचा सध्या चालणारा ड्रायव्हर पुतण्याने कुठून घेतला ते विचारा आणि ती फाइल जपून ठेवायला सांगा. पुन्हा बिघडलं तर 'अपडेट हिस्टरी'मधून शेवटचं अपडेट काढता येतं. आख्खं अपडेट बंद करण्याची गरज नसते.

याउलट काही सॉफ्टवेअर स्वतःहून कधीच अपडेट होत नाहीत, आणि तिथे हातानेच करावं लागतं. विनरार हे झिपसारख्या गठ्ठा केलेल्या फाइली उघडणारं सॉफ्टवेअर त्यातलं आपल्याकडे घरोघरी असलेलं. २०२३ मध्ये त्यात एक दोष सापडला. वरवर साध्या दिसणाऱ्या झिप फाइलमधला फोटो उघडला की मागे भलतंच चालू व्हायचं. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, पण ती वापरणाऱ्याने स्वतः उतरवून घ्यायची होती, आणि कित्येकांनी घेतली नाही म्हणून त्यानंतरही हल्ले चालूच राहिले. लागत नसेल ते सॉफ्टवेअर सरळ काढून टाका, हा माझा आग्रह आहे. ब्राउझरला मात्र अजिबात अडवू नका. क्रोम किंवा फायरफॉक्स स्वतःच नवं होतं, फक्त ते अधूनमधून बंद करून उघडावं लागतं. कोपऱ्यात 'अपडेट' दिसत असताना दिवसेंदिवस चाळीस टॅब उघडे ठेवणारे लोक दुरुस्ती उतरवूनही जुन्याच ब्राउझरवर बसलेले असतात.

बँकेचं काम करता म्हणून एक सावधगिरी. खरं विंडोज अपडेट फक्त सेटिंग्जमध्ये येतं. एखादी वेबसाइट उघडल्यावर 'तुमचा कॉम्प्युटर जुना झाला आहे, येथे दाबा' असं आलं, किंवा मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय म्हणून फोन आला, तर ते खोटं आहे. बंद करा. 'फ्लॅश प्लेअर अपडेट करा' असं अजूनही कुठेतरी येतं. फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झालं, त्याचं अपडेट आता कुणीच देत नाही. चुकून काही दाबलं गेलं आणि पैसे गेले, तर लगेच १९३० या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

हे सगळं करण्याच्या आधी फाइलींची प्रत काढा. तुमच्या पत्रात बॅकअपचा उल्लेख कुठेच नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. अपडेटने फाइली पुसल्या, खंडणीवाल्याने कुलूपबंद केल्या किंवा हार्ड डिस्क वयोमानाने गेली, तिन्ही वेळा तुम्हाला वाचवणारी गोष्ट एकच असते. बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घ्या. हिशेब, पेन्शनची कागदपत्रं आणि फोटो तिच्यावर उतरवा, आणि मग ती काढून कपाटात ठेवा. जोडूनच ठेवली तर खंडणीवाला तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. सोसायटीचे हिशेब आकाराने लहान असतात, त्यांची आणखी एक प्रत गुगल ड्राइव्हवर किंवा सचिवांच्या मेलवर राहू द्या. ती कागदपत्रं तुमच्या एकटीची नाहीत.

पुतण्याला या रविवारी जेवायलाच बोलवा. आधी डिस्कवर प्रत, मग सेवा चालू, मग राहिलेली अपडेट, मग वाढीव मुदतीची नोंदणी, आणि शेवटी ताळेबंदाचं एक पान प्रिंट करून बघणं. याच क्रमाने करा. प्रिंटर पुन्हा अडला तर त्याचं मॉडेल आणि पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा लिहून पाठवा.